हाताला काम की कामाला दाम?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत वाद झाला. वाद म्हणजे हातघाईवर आला असं नाही, पण चहा गार झाला तरी कुणी कपाला हात लावला नाही, एवढं खरं.

विषय साधा होता. ग्रामसंघाकडे एक मोठी खोली रिकामी आहे. शहरातला एक व्यापारी आला होता. तो म्हणाला, उदबत्तीच्या काड्या मोजून पाकिटं भरायचं काम देतो, गावातल्या साठ बायकांना देतो, घरी बसून करा. पाकिटामागे पैसे. आम्ही हिशोब घातला, तर दिवसभर मान मोडून भरली तरी सत्तर-ऐंशी रुपयांच्या वर हातात पडत नव्हते. दुसरा प्रस्ताव आमच्यातल्याच काही जणींचा होता. बँकेचं कर्ज घ्यायचं, त्याच खोलीत डाळमिल आणि मसाल्याचं यंत्र टाकायचं. पंधरा बायकांना काम, आठ तासांची पाळी, अडीचशे रुपये रोज, खोलीला लागून शौचालय, लेकरांसाठी एक कोपरा.

एक अक्का म्हणाल्या, "साठ चुली पेटतील, तिथं पंधरा चुलींचं काय कौतुक सांगता?"

त्यावर एक तरुण सून उठली. म्हणाली, "अक्का, सत्तर रुपयांत चूल पेटत नाही, नुसता धूर होतो."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी समन्वयक, बी.ए. झालेली, म्हणून निकाल मी द्यावा अशी अपेक्षा. मला त्या दिवशी देता आला नाही. पुढच्या बैठकीत मत घ्यायचं ठरलं आणि मी घरी आले. बी.ए.ला माझा इतिहास होता. जुनी पुस्तकं काढली, आजीशी आणि आईशी बोलले. तेव्हा लक्षात आलं, की काम जास्त असावं की काम चांगलं असावं हा वाद आपल्या मुलखात दीडशे वर्षांपासून चालू आहे. आणि प्रत्येक वेळी त्याचा भार बायकांच्या डोक्यावर आला आहे. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

अर्धा शेर धान्याचं काम

१८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, विजापूर, सगळा दख्खन होरपळला. दक्षिणेत मद्रास आणि म्हैसूरपर्यंत तोच हाहाकार. इंग्रज सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, कालवे. आमच्या आटपाडी आणि माण तालुक्यांच्या सीमेवर राजेवाडीचा तलाव आहे, ज्याला म्हसवडचा तलावही म्हणतात. त्याच्या कामाची सुरुवात त्याच दुष्काळातली. आजही पाऊस बरा झाला की तो भरतो आणि आपण त्याच्या बांधावरून एसटीने जातो. तो बांध भुकेल्या माणसांनी घातला आहे, हे आपल्या ध्यानात नसतं.

कामावर माणसं लाखांनी आली. सरकारला खर्चाची धास्ती पडली. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवलं. १८७७ च्या जानेवारीत टेंपलने मजुरी खाली आणली. दिवसभर माती उपसणाऱ्या पुरुषाला साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. बाईला आणि कामावरच्या पोराला त्याहूनही कमी. या मजुरीला पुढे टेंपलचंच नाव पडलं.

टेंपलचा विचार काय होता? मजुरी कमी ठेवली, की त्याच पैशात जास्त माणसं कामावर ठेवता येतील आणि ज्यांना खरी गरज नाही ते येणारच नाहीत. म्हणजे आमच्या व्यापाऱ्याचाच हिशोब. साठ जणींना देतो, पण सत्तर रुपयेच देतो.

मद्रास सरकारचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. एवढ्या धान्यावर माणूस बसून राहिला तरी खंगेल, मग त्याच्याकडून माती कशी उपसून घेता, असा त्यांचा मुद्दा होता. काही महिन्यांनी मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली.

आणि आपल्याकडे, मुंबई इलाख्यात काय झालं? माणसांनी काम सोडलं. कमी मजुरी आणि गावापासून लांबच्या कामावर जाऊन राहायची सक्ती, या दोन्हींना नकार देऊन हजारो माणसं, एक लाखाच्या आसपास, काम सोडून निघून गेली. पोटात अन्न नसताना पुकारलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी, मजुरांच्या बाजूने सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत होते, गावोगावची खबर कळवत होते. त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आणि सत्यशोधक समाजाच्या लोकांनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम चालवला. काम होतं, तरी मुलांना आश्रमात जेवू घालायची वेळ का आली, याचा विचार करा. कारण कामातून भाकरी मिळत नव्हती.

त्या दुष्काळात देशभरात अर्ध्या कोटीहून जास्त माणसं दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. म्हणजे कामाची नुसती संख्या वाढवून भागत नाही. ज्या कामाने राबणारीचं शरीरच झिजतं, ते काम तिला दुष्काळापासून वाचवत नाही.

तुम्ही म्हणाल, मग ठरलंच की. चांगलं काम, थोड्यांना का होईना, तेच बरं. थांबा. पुढची गोष्ट ऐका.

गिरणीतल्या बायका

आता मुंबईला जाऊ. गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं तिकडे गेली. त्यात बायकाही होत्या. सूत गुंडाळायच्या, रिळं भरायच्या खात्यात त्या असत. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असे. कामाचे तास किती, तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची सुट्टी नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत महालक्ष्मीजवळ कामगारांची मोठी सभा झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं जमली. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळापूर्वी, मैत्रिणींनो! आपल्यातल्या कितीतरी जणी अजून ग्रामसभेत उभं राहायला बिचकतात. त्या वर्षी जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बायकांचे कामाचे तास अकरावर आणले. काम सुधारत चाललं होतं.

पुढे १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळाली पाहिजे, ती देशाच्या हिताची गोष्ट आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. आणि आणखी एक मुद्दा मांडला, जो मला फार मोलाचा वाटतो. हा खर्च पुष्कळसा सरकारने उचलायला हवा. मालकाला बाईच्या कामातून फायदा होतो म्हणून त्यानेही वाटा उचलावा, पण जे सगळ्या समाजाच्या भल्याचं आहे त्याचा भार समाजाने, म्हणजे सरकारने घ्यावा.

१९२९ साली कायदा झाला. पण खर्च टाकला मालकावर. आता मालक काय करणार? त्याने हिशोब घातला, की बाई ठेवली तर बाळंतपणाचा भत्ता द्यायचा, पुरुष ठेवला तर नाही. नवी यंत्रं येत होती, बायकांना रात्रपाळीला बंदी होती, त्याने आणखी भर पडली. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढच्या काही दशकांत तो हिस्सा घसरत घसरत अगदी नगण्य झाला.

म्हणजे बघा, काम चांगलं झालं आणि बाईच्या हातून काम गेलं. याचा अर्थ कायदा चुकीचा होता का? नाही. बाळंतिणीला विश्रांती मागणं ही चूक कशी असेल? चूक ही झाली, की चांगल्या कामाची किंमत कोण मोजणार ते नीट ठरवलं नाही. आणि हे ठरलेलं नसलं, की ती किंमत काम गमावणारी बाई मोजते. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्यातलं हे एवढं तरी लक्षात ठेवा.

बाहत्तरचा दुष्काळ आणि आजीची खडी

आता जवळचा इतिहास. बाहत्तरचा दुष्काळ तुमच्यातल्या थोरल्या बायकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १९७० पासून पाऊस ओढ देत होता, १९७२ साली पुरताच गेला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं त्या कामांवर होती. एवढी माणसं एका वेळी कामावर, ही साधी गोष्ट नाही. १८७७ सारखे मुडदे पडले नाहीत, याचं मोठं श्रेय त्या कामांना आहे.

माझी आजी तिथं खडी फोडत होती. माझी आई तेव्हा चार वर्षांची. ती बाभळीखाली धाकट्या भावाला घेऊन बसायची. आजी सांगते, "हाताला घट्टे पडले, घट्टे फुटले, पुन्हा घट्टे पडले. दुपारी सुकडी मिळायची. निम्मी मी खायची, निम्मी पोरांना. रेशनला मिलो मिळायचा, लाल ज्वारी, भाकरी थापली तर तुटायची. पण पोरी, काम होतं म्हणून आम्ही राहिलो."

मी विचारलं, "आज्जी, ती खडी कशासाठी फोडली?"

ती हसली. "मला काय ठावं? मुकादम म्हणला फोडा, फोडली."

त्या खडीतली बरीचशी वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होती. ढिगांत बोराटी उगवली. घाईने पुष्कळ माणसांना काम द्यायचं, तर खडी फोडण्याइतकं सोपं काम नाही. हातोडी द्या आणि बसवा. पण त्यातून गावाला काही मिळालं नाही. म्हणून तेव्हाच मागणी वाढली, की काम द्या पण उपयोगाचं द्या. पाझर तलाव, नालाबंडिंग, विहिरी, जमिनीची बांधबंदिस्ती. म्हणजे पुढचा दुष्काळ आला तर गाव तगलं पाहिजे.

यातच एक मोठा विचार पिकत होता, आणि मला अभिमानाने सांगावंसं वाटतं की त्याचं बी आमच्या सांगली जिल्ह्यात पडलं. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ च्या सुमाराला तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग करून पाहिला. ज्याला काम हवं त्याला ते मागण्याचा हक्क असावा. त्यातूनच रोजगार हमी योजना आली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एकच रुपया होता आणि तोही क्वचितच कुणाच्या हाती पडला. पण काम मागणं ही भीक नाही, हक्क आहे, असं कायद्याने पहिल्यांदा सांगितलं.

आणि पैसा कुठून आणला? पगारदारांच्या आणि व्यावसायिकांच्या उत्पन्नातून व्यवसाय कर कापायचा, तेवढीच भर सरकारने घालायची. म्हणजे मुंबईच्या कचेरीत बसणारा कारकून आमच्या आटपाडीच्या पाझर तलावाचा वाटेकरी झाला. गिरणीत जे झालं नाही ते इथं झालं. खर्च एकट्यादुकट्यावर न टाकता वाटून घेतला.

या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. मोजमापावर मजुरी, बाई असो वा पुरुष, दर एकच. शेतावर बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळायची त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती. आणि आणखी एक झालं, जे आई नेहमी सांगते. रोजगार हमीचं काम गावाजवळ चालू असलं, की बागायतदार खुरपणीला बोलवायला येताना बोलण्यात नरमाई यायची. "चार आणे जास्त देतो, पण ये" म्हणायचा. कारण तिला दुसरीकडे जायची सोय होती. म्हणजे काम पुष्कळ असलं, की कामाचा दर्जाही आपोआप थोडा वर सरकतो. नाही म्हणायची ताकद येते. साठ चुली म्हणणाऱ्या अक्कांचं हे म्हणणं खोटं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालचा धडा

पण मजुरी फार कमी होती. संघटनांनी मागणी लावून धरली, की सरकारच जर किमान वेतनाचा कायदा करतं, तर सरकारी कामावर त्याहून कमी का? मागणी रास्त होती. १९८८ च्या मध्यावर शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली.

आई तेव्हा वीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली. तिने आदल्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर टोपल्या उचलल्या होत्या. मजुरी दुप्पट झाल्याची बातमी आली तेव्हा तिने मनातल्या मनात एक गाय घेतली, असं ती सांगते.

गाय काही आली नाही. त्यानंतर राज्यभरात कामावरची हजेरी झपाट्याने खाली आली. लोकांना काम नको होतं म्हणून नव्हे. चांगली मजुरी म्हटल्यावर मागणी वाढायला हवी होती. अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडेवारी तपासली, तेव्हा दिसलं की कामंच पुरेशी उघडली गेली नाहीत. मजुरी वाढली, पण तेवढ्याच माणसांना ती देण्याची तयारी सरकारने ठेवली नाही. हमी कागदावर राहिली आणि काम वाटून, हात राखून दिलं जाऊ लागलं.

आईने १९८९ च्या उन्हाळ्यात काम मागितलं. आज नाही उद्या असं करत उन्हाळा सरला. दिवाळीनंतर आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि ते उसाच्या फडावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबात बाई वेगळी धरलीच जात नाही. माझा जन्म त्याच हंगामातला, कोपीतला. आई तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोळ्या उचलत होती.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. १९२९ सालचा कायदा माझ्या आईपर्यंत १९९० सालीही पोचला नव्हता, एवढंच दाखवायचं आहे. चांगलं काम थोड्यांना मिळतं तेव्हा उरलेल्यांना वाईट कामाच्या दाराशी जावं लागतं. आणि तिथं गर्दी वाढली, की ते काम आणखी वाईट होतं. पंधरा चुली म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हेही ध्यानात घ्यायला हवं. उरलेल्या पंचेचाळीस जणी कुठं जातील?

तरी त्याच पाझर तलावाची दुसरी बाजूही आहे. तो अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं. आजीची खडी वाया गेली, आईचा तलाव टिकला. पण ज्या विहिरींना पाणी आलं, त्या आमच्या नव्हेत. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागाही लागल्या, आमच्या भागात डाळिंबाने कितीतरी घरं सावरली. ती घरं ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची. टोपली उचलणारी बाई बहुतेक भूमिहीन, आणि जमीन असली तरी सातबाऱ्यावर नाव तिचं नाही. म्हणून काम चांगलं की वाईट हे ठरवताना तिसरा प्रश्न विचारावा लागतो. या कामातून जे उभं राहतं ते कुणाचं?

२००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा सगळा अनुभव समोर होता. घराला वर्षाला शंभर दिवस काम, मजुरांत निदान एक तृतीयांश बायका, काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर असली तर त्यांना सांभाळायला एक बाई. वाचताना मला बाभळीखाली बसलेली चार वर्षांची माझी आई दिसते. तो नियम व्हायला तेहतीस वर्षं लागली. नियम झाला तरी किती कामांवर अशी बाई खरंच नेमलेली असायची, ते तुम्हालाच ठाऊक.

मग संख्या की दर्जा?

दोन्ही एकत्र साधल्याचं उदाहरण आहे का? आहे, आणि आपल्याच राज्यातलं. बाजारात पोती वाहणारे हमाल. आज या अडत्याकडे, उद्या त्या. मालक एक नाही, मग आजारपणाची भरपाई कुणाकडे मागायची, म्हातारपणी फंड कोण देणार? अण्णासाहेब पाटील आणि इतर पुढाऱ्यांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ नेमलं. ज्या कुणी हमालाकडून काम घेतलं त्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून फंड, रजा, औषधपाणी. कुठलाही एक अडत्या म्हणू शकत नव्हता, की मलाच भुर्दंड बसतो म्हणून मी हमाल कमी करतो. सगळ्यांनाच भरायचं होतं. धान्य साफ करणाऱ्या बायकाही काही बाजारांत अशा मंडळाखाली आल्या. या कायद्यातही पळवाटा काढल्या गेल्या, सगळीकडे तो पोचला नाही. पण वाट सापडली. काम तुटक असलं तरी ते माणसासारखं करता येतं, जर राबणाऱ्या एकत्र असतील आणि खर्च सगळ्यांत वाटला गेला तर.

आता आमच्या बैठकीकडे येते. मी अजून निकाल देणार नाही, तो माझ्या एकटीचा नाहीच. पण इतिहास वाचून माझं मत काय झालं ते सांगते.

१८७७ सांगतं, की पोटाला न पुरणारं काम कितीही जणींना दिलं तरी ते काम नव्हे. म्हणून उदबत्तीचा सत्तर रुपयांचा सौदा आहे तसा घ्यायचा नाही. पण व्यापाऱ्याला परत पाठवायचं असंही नाही. तो साठ जणींकडे वेगवेगळा गेला तर प्रत्येकीला सत्तर रुपये सांगेल. ग्रामसंघाशी एकत्र बोलू दे. पाकिटाचा दर, माल आणण्या-नेण्याचा खर्च, खराब निघालेल्या पाकिटाचे पैसे कुणी सोसायचे, हे सगळं कागदावर येऊ दे. तो नाही म्हणाला, तर त्याने काय हिशोब मनात धरला होता ते तरी कळेल.

गिरणी आणि अठ्ठ्याऐंशी सालचा अनुभव सांगतो, की पंधरा जणींना अडीचशे रुपये देऊन बाकीच्यांकडे पाठ फिरवायची नाही. डाळमिल घेऊ, तर कर्ज ग्रामसंघाच्या नावावर आहे आणि फेड साठ जणींच्या बचतीच्या जिवावर आहे, हे विसरू नये. नफ्यातला ठरावीक हिस्सा बाजूला ठेवून दरवर्षी किती बायका वाढवणार ते आधीच लिहून ठेवू. पहिल्या पंधरा कोण, हे चिठ्ठी टाकून की गरज पाहून, तेही सगळ्यांसमोर. आणि त्यात एखादी बाळंत झाली तर तिची मजुरी मिलच्या एका खात्यातून न देता सगळ्या गटांच्या निधीतून देऊ. म्हणजे पोटुशी सून कामावर घेताना कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न. यंत्र कुणाचं? ते आपलं असेल. हे मात्र आजीच्या खडीत नव्हतं आणि आईच्या तलावातही नव्हतं.

बैठकीच्या आदल्या रात्री हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. ती थकली आहे, ऐकूही कमी येतं. शेवटपर्यंत तिने ऐकलं आणि म्हणाली, "आम्हाला कुणी इचारलं न्हाई गं, कसलं काम पायजे म्हणून. तुम्हाला इचारत्यात, तर नीट बोला."

तुमच्याही गावात कुणी काम घेऊन येईल. आलं, की आपल्या गटात बसा आणि चार गोष्टी विचारा. यातून पोट भरतं का? उरलेल्या बायकांचं काय? चांगल्या कामाचा खर्च कोण उचलणार? आणि जे उभं राहील ते कुणाचं? काय ठरवलंत ते आम्हाला केंद्रावर कळवा. आमच्या बैठकीत काय ठरलं, ते मी पुढच्या वेळी सांगेन.

नमस्कार.